महत्त्वाचं टपाल पाठवायचंय? पोस्ट की कुरिअर, हे ठरवण्यापासून पोहोच हातात पडेपर्यंत

धाकट्या बहिणीच्या मूळ गुणपत्रिका पुण्याहून गावी पाठवायच्या होत्या. गाव म्हणजे कुडाळ तालुक्यातली आमची वाडी. घाई होती, म्हणून कुरिअर केलं. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला, आणि घरी तर कोणीच आलेलं नव्हतं. दोन दिवस शोधाशोध केल्यावर पाकीट सापडलं ते फाट्यावरच्या किराणा दुकानात, कांद्याच्या पोत्याशेजारी. सही दुकानदाराची. डिलिव्हरीच्या पोराची गाडी वाडीपर्यंत चढली नाही, म्हणून तो पाकीट तिथेच ठेवून गेला होता. दुकानदार ओळखीचा होता म्हणून निभावलं.

त्याच वर्षी पोस्टाने पाठवलेलं एक पाकीट ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलं. त्या घरात म्हातारे गृहस्थ दिवसभर पडवीत बसलेले असतात. म्हणजे चुका दोन्हीकडे होतात. मी एका वकिलांच्या ऑफिसात सोळा वर्षं टपाल सांभाळतो. नोटिसा, करारनामे, मूळ कागद, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळं माझ्याच हातून जातं. ‘पोस्ट चांगलं की कुरिअर?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: काय पाठवताय, कुठे पाठवताय, आणि हरवलं तर काय कराल? त्याच क्रमाने पुढे जाऊ या.

आधी वस्तूकडे बघा

पाकीट बंद करण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही वस्तू पुन्हा मिळेल का? पाठवल्याची तारीख पुढे कोणाला दाखवावी लागेल का? आणि उशीर जास्त नडेल, की हरवणं?

चेकबाउन्सची नोटीस घ्या. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. इथे पाकीट एक दिवस उशिरा पोहोचलं तरी चालतं, पण ते पाठवल्याचा पुरावा पक्का लागतो. सामान्य कलम कायदा, 1897 च्या कलम 27 प्रमाणे बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोहोचलं असं धरलं जातं. पोहोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात चेकबाउन्सच्या नोटिशीबाबत हेच तत्त्व उचलून धरलं. ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’ असे शेरे मारून परत आलेलं पाकीटही म्हणून फेकायचं नसतं. ते न फोडता, आहे तसं फायलीला लावा. आमच्या ऑफिसात अशी बंद पाकिटं वेगळ्या कपाटात जपून ठेवतो.

कुरिअरचा कागद कोर्टात चालतच नाही, असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्ससाठी उच्च न्यायालयाने मान्यता दिलेल्या कुरिअरची सोय आहे. पण कलम 27 चा आधार रजिस्टर पोस्टाला आहे. कुरिअरने पाठवलं तर पोहोचल्याचं तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून नोटीस, राजीनामा, भाडेकरार संपवल्याचं पत्र, सोसायटीला दिलेली हरकत, बँकेशी किंवा विमा कंपनीशी चाललेला वाद, असलं काहीही असेल तर दुसरा विचार न करता पोस्टात जा. शासनही आपले मोलाचे कागद पोस्टानेच पाठवतं. पासपोर्ट घरी येतो तो स्पीड पोस्टाने, आधारचं पीव्हीसी कार्डही तसंच.

एरवी नमुना, सुटा भाग, कपडे किंवा आज पाठवून उद्या हवी असलेली फाइल असेल, तर कुरिअरचा विचार जरूर करा.

मग पत्त्याकडे बघा, कारण खरा घोळ इथेच होतो

पुणे ते मुंबई हा प्रवास सगळेच नीट करतात. पाकीट हरवतं, भिजतं किंवा परत जातं ते शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. म्हणून पाठवणाऱ्याचं शहर केवढं मोठं आहे याला महत्त्व नाही. घेणाऱ्याच्या दारापर्यंत कोण जातं ते बघायचं.

देशात सुमारे 1 लाख 65 हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली जवळपास नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. खेड्यातलं शाखा पोस्ट बहुतेक वेळा चार-पाच तासच उघडं असतं, कधी पोस्टमास्तरांच्या घराच्या ओसरीतच असतं. पण तिथल्या ग्रामीण डाक सेवकाला ‘खालची वाडी, शाळेमागे’ एवढं पुरतं. तीच माणसं, तेच रस्ते, वर्षानुवर्षं. कुरिअरची शाखा बहुधा तालुक्याला असते. त्यापुढचा भाग त्यांच्या हद्दीबाहेर धरला जातो: जादा पैसे लागतात, नाहीतर ‘ऑफिसला येऊन घेऊन जा’ असा फोन येतो. वयस्कर माणसाने एका पाकिटासाठी एसटीने तालुक्याला जायचं, हे मला पटत नाही. मेळघाट, गडचिरोली, कोकणातल्या वाड्या, सह्याद्रीतले धनगरवाडे, इथे पोस्टच.

काही पत्ते असे असतात की तिथे कुरिअर पोहोचूच शकत नाही. पोस्ट बॉक्स किंवा पोस्ट बॅगचा पत्ता हा त्यातला एक. दुसरा लष्कराचा. सातारा, कोल्हापूर, सांगलीकडच्या किती तरी घरांत हा पत्ता पाठ असतो: जवानाचा नंबर, नाव, युनिट आणि शेवटी ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’. या पत्त्यांचा पिनकोड 9 ने सुरू होतो आणि तिथलं टपाल लष्कराची टपालसेवाच युनिटपर्यंत नेते. राखी पाठवायची असेल तर पोस्टाशिवाय मार्ग नाही. आमच्या शेजारच्या काकू पौर्णिमेच्या तीन आठवडे आधीच पाठवतात, आणि तेच बरोबर आहे.

शहरातल्या ऑफिसचा, दुकानाचा किंवा वॉचमन असलेल्या सोसायटीचा पत्ता असेल, तर चांगलं कुरिअर बहुतेक वेळा लवकर पोहोचतं. तिथे मी स्वतः कुरिअर वापरतो.

आता पिनकोड. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती आखली ती आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते टपाल खात्याचे अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. 4 मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं वाटपाचं पोस्ट ऑफिस दाखवतात. नुसत्या 416 ने सुरू होणाऱ्या पिनमध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे बसतात. म्हणजे शेवटच्या तिनांतला एखादा आकडा चुकला तर कुडाळचं पाकीट घाट चढून जाऊ शकतं. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही गावं महाराष्ट्रात किती आहेत, याची तर गणतीच नको. पिन नेहमी घेणाऱ्याला फोन करून विचारा आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावर ताडून बघा. गुगलवर पहिला दिसेल तो पिन टाकू नका.

पत्ता लिहिताना नाव, घराची ओळख, वाडी किंवा गल्ली, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन आणि मोबाइल नंबर, असा क्रम ठेवा. ‘मु. पो.’ लिहायची आपली जुनी सवय चांगली आहे, पण मुक्काम आणि पोस्ट वेगळे असतील तर दोन्ही वेगळे लिहा. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ताही हवाच. तो नसेल तर न पोहोचलेलं पाकीट परत कुठे यायचं?

पोस्टात गेल्यावर नेमकं काय मागायचं

इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे आणि अजून पुष्कळांना तो माहीत नाही. 2025 मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा उरली नाही; ती स्पीड पोस्टात विलीन झाली. खिडकीवर ‘रजिस्टर एडी करा’, म्हणजे पोहोचपावतीसह रजिस्टर करा, म्हटलं की कर्मचारी स्पीड पोस्ट करतो, आणि तुम्ही स्पष्ट सांगितलं नाही तर ते साधं स्पीड पोस्ट होऊ शकतं. फरक महत्त्वाचा आहे. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर दिलं जातं, घरातला कोणीही घेऊ शकतो. ‘नोंदणी’ ही जादा सेवा जोडली की ते फक्त त्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं असतं. म्हणून शब्द नीट वापरा: ‘स्पीड पोस्ट, नोंदणीसह, आणि पोहोचीचा पुरावा हवा.’

1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दराने 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक 19 रुपये आणि बाहेरगावी, देशात कुठेही, 47 रुपये. त्यापुढे 250 ग्रॅमपर्यंत स्थानिक 24, आणि बाहेरगावी अंतराप्रमाणे 59 पासून 77 रुपयांपर्यंत. नोंदणीचे 5 रुपये, ओटीपी सांगितल्यावरच पाकीट मिळेल अशा सेवेचे 5 रुपये. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे नागपूरला जाणारी हलकी नोटीस नोंदणीसह 47 अधिक 5, कर धरून 61 रुपये 36 पैसे. एफोर आकाराचा नेहमीचा कागद साधारण 5 ग्रॅमचा असतो, त्यामुळे सात-आठ पानं आणि पातळ पाकीट 50 ग्रॅमच्या आत बसतं. जाड खाकी पाकीट आणि प्लास्टिकची फाइल घातली की वरच्या टप्प्यात गेलात.

ओटीपीची सेवा मला मूळ कागदांसाठी फार आवडते. किराणा दुकानाचा प्रकार तिच्यामुळे टळला असता. फक्त घेणाऱ्याचा मोबाइल त्याच्याजवळ असायला हवा आणि गावात रेंज हवी. म्हाताऱ्या माणसांकडे जाणाऱ्या पाकिटाला ओटीपी लावण्यापूर्वी त्यांना समजावून सांगा, नाहीतर ‘कोणालाही ओटीपी द्यायचा नाही’ हे पक्कं डोक्यात बसलेली आपली आई पोस्टमनलाही परत पाठवेल.

पुस्तकं असतील तर ‘ज्ञान पोस्ट’ विचारा. 1 मे 2025 पासून सुरू झालेली ही सेवा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून आहे आणि 5 किलोला 100 रुपये. वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं. गावातल्या वाचनालयाला पुस्तकं पाठवायला याहून स्वस्त काही नाही.

आणि जुन्या लोकांसाठी: यूपीसी, म्हणजे पोस्टात टाकल्याचा तो शिक्का मारलेला दाखला, 2011 मध्येच बंद झाला. अजून कोणी तो मागत असेल तर नोंदणीसह स्पीड पोस्टच करा.

कुरिअर करायचं ठरलं तर

पावतीची मागची बाजू वाचा. हे मी कळकळीने सांगतो, कारण ती कोणीच वाचत नाही. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हरवल्यास कंपनीची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच. रक्कम बहुधा इतकी लहान असते की वाचून धक्का बसतो. ‘कोर्ट असलं मानणार नाही’ अशा भ्रमात राहू नका. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा खटला गेला. परदेशी पाठवलेले कागद पोहोचले नाहीत आणि नुकसान लाखांत होतं. राज्य ग्राहक आयोगाने सव्वाचार लाखांहून जास्त भरपाई दिली होती. पण सही केलेल्या पावतीवर 100 डॉलरची मर्यादा छापलेली होती, आणि शेवटी तीच कायम राहिली.

त्यामुळे मोलाची वस्तू असेल तर तिची किंमत पावतीवर लिहून घ्या आणि विमा घ्या. पोस्टालाही कायद्याचं संरक्षण आहे; 1898 च्या टपाल कायद्यात होतं, 2023 च्या नव्या कायद्यातही आहे. स्पीड पोस्ट हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये, यातलं जे कमी ते, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला. तिथेही विमा वेगळा मागावा लागतो. पैसे आणि दागिने मात्र साध्या पाकिटात घालून कुठूनच पाठवू नका.

कुरिअरचं वजन हा दुसरा फसवा भाग. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 ने भागतात, आणि काट्यावरच्या वजनापेक्षा हा आकडा मोठा निघाला तर पैसे त्याचे. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो, मग आत तीन किलो चिवडा का असेना. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. लाडू, अनारसे, शंकरपाळी घट्ट भरता येतात. चिवडा आणि चकली जागा खातात. पोस्टातही मोठ्या पार्सलाला घनफळ मोजलं जाऊ शकतं, म्हणून लहानात लहान खोकं घ्या.

परदेशाबद्दल आणखी एक. तिकडचे कस्टमचे नियम बदलले की टपाल आधी अडतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांची करसवलत काढली तेव्हा भारतीय टपालाने तिकडचं बुकिंग थांबवलं, ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. दिवाळी आठवड्यावर आली होती. त्या दिवसांत ज्यांना फराळ पाठवायचाच होता त्यांनी महाग कुरिअर केलं. म्हणून परदेशी पाठवताना डबे भरण्यापूर्वी दोन्हीकडे विचारा.

पॅकिंग आणि खिडकी

कागद आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठा, मग पाकीट. पावसाळ्यात यात तडजोड नको. शाईपेनाने लिहिलेला पत्ता एका सरीत निघून जातो. बॉलपेन किंवा प्रिंट वापरा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. बारकोडवर मात्र पट्टी लावू नका, मशीनला तो वाचता येत नाही. पत्त्याची एक प्रत आतही ठेवा. पातळ पदार्थ दोन्हीकडे टाळाच. कोकमाचं आगळ भरलेली बाटली एकदा फुटली की आपल्यासोबत दुसऱ्या चौघांची पार्सलंही लाल होतात.

खिडकीवर पावती हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. कर्मचारी पिन टाकतो तेव्हा पडद्यावर जे पोस्ट ऑफिस येतं तेच पावतीवर छापलं जातं. नाव, पिन, वजन आणि 13 अक्षरांचा नंबर तपासा: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते; थैली बंद झाल्यावर कोणाच्या हातात काही राहत नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनांजवळ आरएमएसची, म्हणजे रेल्वे टपालसेवेची, खिडकी नेहमीच्या पोस्टापेक्षा उशिरापर्यंत चालू असू शकते, शेवटच्या तारखेला तिथे चौकशी करून बघा.

घरी आल्यावर पहिलं काम पावतीची झेरॉक्स काढणं. हल्लीच्या पावत्या उष्णतेवर छापतात. वर्षभरात अक्षरं फिकी पडतात आणि कोर्टात दाखवायला पांढरा कागद उरतो.

पाठवल्यावर

पोस्टाच्या ट्रॅकिंगमध्ये एक-दोन दिवस काहीच हालचाल दिसली नाही तर घाबरू नका. पाकीट थैलीत असतं आणि थैली प्रवासात असते; पुढच्या ठिकाणी ती उघडली की नोंद होते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पाचव्या दिवशीही एकाच जागी दिसत असेल तर मी हालचाल करतो. वाटपाच्या पोस्टात पोहोचल्याची नोंद असेल तर घेणाऱ्याला सकाळी लवकर तिथे जायला सांगा. पोस्टमन आपापल्या बीटचं टपाल लावत बसलेले असतात तेव्हा पाकीट समोरच सापडतं. दुपारी गेलात तर ‘बाहेर गेलंय’ हेच उत्तर मिळेल.

कुरिअरच्या पडद्यावर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा दिसला तर त्याच दिवशी फोन करा. दोन-तीन वेळा असा शेरा पडला की पाकीट ‘आरटीओ’मध्ये, म्हणजे परतीच्या वाटेला लागतं. आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसलं पण वस्तू मिळाली नसेल तर सहीची प्रत लगेच मागा. आमचं किराणा दुकान त्या सहीवरूनच सापडलं.

तक्रार करायची वेळ आलीच तर

तोंडी भांडणात दिवस घालवू नका. पोस्टाची तक्रार 1800 266 6868 वर किंवा संकेतस्थळावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक पावतीवरच लिहून ठेवा. उत्तर नुसतं गुळमुळीत आलं तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर जा. तिथे लेखी उत्तर द्यावंच लागतं. कुरिअरसाठी आधी कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. सोबत पावतीची झेरॉक्स, ट्रॅकिंगचे तारखेसह स्क्रीनशॉट, वस्तूच्या किमतीचं बिल आणि केलेले ईमेल एवढं जोडा. फोडण्यापूर्वी फाटक्या पार्सलाचा चारही बाजूंनी फोटो काढलेला असेल तर तोही, आणि खोकं टाकून देऊ नका.